सही कुलगुरूंची, हुकूम विधिमंडळाचा

पदवीच्या कागदाला किंमत येते ती विद्यापीठाच्या टोलेजंग इमारतीमुळे नव्हे की गुणपत्रिकेतल्या आकड्यांमुळेही नव्हे. ती येते एका कायद्यामुळे. हा कायदा पाठीशी नसेल तर काय होतं, याचा अनुभव महर्षी कर्व्यांच्या विद्यार्थिनींनी घेतला, आणि या शतकात अनेक कुटुंबांनीही!

मध्यमवर्गीय घराच्या दिवाणखान्यात एक फ्रेम हमखास दिसते. देवाच्या तसबिरीच्या खालोखाल तिचा मान. काळा झगा घातलेली घरातली पहिली पदवीधर मुलगी, हातात गुंडाळी, चेहऱ्यावर हसू आणि शेजारी काचेत बसवलेला तो कागद. त्या कागदासाठी वडिलांनी पीएफमधून कर्ज काढलेलं असतं, आईनं पाटल्या मोडलेल्या असतात. तीन-चार वर्षं घर त्या एका कागदाच्या वाटेकडे डोळे लावून बसलेलं असतं.

प्रवेश घेताना सगळी चौकशी झालेली असते. कॉलेज कसं आहे, फी किती, होस्टेलचं जेवण बरं असतं का, पुढे नोकरी लागते का. एक प्रश्न मात्र बहुतेक घरांत कुणीच विचारत नाही. ही पदवी देण्याचा अधिकार या संस्थेला दिला कुणी?

प्रश्न वरवर वकिली वाटतो. पण तो न विचारल्यामुळे पुढे नोकरीच्या मुलाखतीत, बढतीच्या वेळी किंवा परदेशी जाताना कागदपत्रांच्या पडताळणीत डोक्याला हात लावायची वेळ आलेली माणसं या देशात कमी नाहीत. शाळा कुणीही काढू शकतो, क्लास काढू शकतो, उत्तम शिकवू शकतो, अभ्यासक्रम पूर्ण केल्याचा दाखलाही देऊ शकतो. पण बी.ए., बी.कॉम., बी.ई. अशी पदवी देणं ही गोष्ट वेगळी. ती बरीचशी नोट छापण्यासारखी आहे. कागद आणि शाई कुणालाही मिळते, छापायचा अधिकार मिळत नाही.

चार पदवीधर आणि एक कायदा

आपल्याकडे हा अधिकार पहिल्यांदा कुणाला आणि कसा मिळाला, हे पाहायचं तर १८५७ सालात जावं लागतं. १८५४ मध्ये विलायतेहून आलेल्या वुडच्या खलित्यात हिंदुस्थानात विद्यापीठं काढण्याची शिफारस होती. त्यानुसार १८५७ मध्ये एकापाठोपाठ एक तीन कायदे झाले. २४ जानेवारीला कलकत्ता, १८ जुलैला मुंबई आणि ५ सप्टेंबरला मद्रास. उत्तरेत उठावाचा वणवा पेटलेला असताना इकडे विद्यापीठांची कलमं लिहिली जात होती.

गंमत अशी की या मुंबई विद्यापीठाकडे तेव्हा ना इमारत होती ना वर्ग. शिकवण्याचं काम कॉलेजांचं. विद्यापीठ फक्त परीक्षा घेणार आणि उत्तीर्ण झालेल्यांना पदवी देणार. हा साचा लंडन विद्यापीठाचा होता. म्हणजे विद्यापीठ ही वास्तू नव्हती, तो कायद्यानं निर्माण केलेला एक अधिकार होता. १८६२ मध्ये या अधिकाराचा वापर होऊन पहिले चार बी.ए. बाहेर पडले. महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक.

हा अधिकारही कसा मोजूनमापून दिलेला होता, ते पाहण्यासारखं आहे. १८५७ च्या कायद्यात कला, कायदा, वैद्यक आणि स्थापत्य या शाखांतल्या मोजक्या पदव्यांचीच नावं होती. यादीबाहेरची एकही पदवी देता येत नव्हती. म्हणून १८६० मध्ये तिन्ही विद्यापीठांसाठी आणखी एक कायदा करावा लागला. त्यानंतर त्यांना इतर पदव्या देता येऊ लागल्या. एखाद्या थोर माणसाला सन्मानानं डॉक्टरेट द्यावी म्हटलं, तर तेही कायद्यात नव्हतं! त्यासाठी १८८४ मध्ये वेगळा कायदा झाला. कायद्यानं जेवढं दिलं तेवढंच विद्यापीठाचं, हा नियम तेव्हापासूनचा आहे.

सनद, फर्मान आणि संस्थानं

पदवीचा अधिकार वरून यावा लागतो, ही कल्पना मूळ युरोपातली. तिथे जुन्या काळी पोप, सम्राट किंवा राजा सनद देई. लंडनमध्ये १८२६ साली एक मोठी शिक्षणसंस्था सुरू झाली, नावही ‘लंडन विद्यापीठ’ घेतलं, पण तिला पदवी देता येईना. अखेर १८३६ मध्ये राजाच्या सनदेनं वेगळं लंडन विद्यापीठ स्थापन झालं, तेव्हा तिथल्या विद्यार्थ्यांची सोय झाली.

आपल्याकडच्या संस्थानिकांनीही हा अधिकार वापरला. हैदराबादला निजामाच्या फर्मानानं उस्मानिया विद्यापीठ उभं राहिलं आणि १९१८ मध्ये सुरू झालं. मराठवाड्यातली कॉलेजं पुढे कितीतरी वर्षं या उस्मानियालाच जोडलेली होती. १९५८ मध्ये मराठवाडा विद्यापीठ झालं, तेव्हा इथल्या मुलांची पदवी हैदराबादऐवजी औरंगाबादहून येऊ लागली. म्हैसूर संस्थानानं १९१६ मध्ये आपल्या विद्यापीठासाठी कायदा केला. बडोद्याचं महाराजा सयाजीराव विद्यापीठही १९४९ मध्ये कायद्यानंच झालं. राजा असो की विधिमंडळ, ज्याच्या हाती राज्याची सत्ता त्याच्याच हाती पदवीची किल्ली, असा हा मामला.

पण ज्यांच्या हाती सत्ता नव्हती त्यांनी काय केलं? त्यांनी किल्लीची वाट न पाहता दार उघडलं.

नावापुढे ‘जी.ए.’

धोंडो केशव कर्वे हे फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवणारे प्राध्यापक. हिंगण्याच्या माळावर विधवांसाठी आश्रम, मग महिला विद्यालय, असं त्यांचं काम चालू होतं. जपानमधल्या महिला विद्यापीठाची माहिती देणारी एक पुस्तिका त्यांच्या हाती आली आणि असं विद्यापीठ आपल्याकडेही का असू नये, या विचारानं त्यांना घेरलं. डिसेंबर १९१५ मध्ये मुंबईत भरलेल्या सामाजिक परिषदेच्या अध्यक्षपदावरून त्यांनी तो बोलून दाखवला आणि १९१६ मध्ये भारतवर्षीय महिला विद्यापीठ सुरूही केलं. विद्यार्थिनी हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. पहिले कुलपती होते तेच डॉ. भांडारकर, जे १८६२ च्या पहिल्या चार पदवीधरांपैकी एक. कुलगुरू होते रँग्लर र. पु. परांजपे.

शिक्षण मातृभाषेतून, इंग्रजी हा एक विषय. पदवीचं नावही अस्सल देशी: ‘गृहीतागमा’, म्हणजे जिनं विद्या आत्मसात केली ती. थोडक्यात ‘जी.ए.’. पुढची पदवी ‘प्रदेयागमा’. मुली शिकल्या, परीक्षा झाल्या, पदव्या दिल्या गेल्या. १९२० मध्ये सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी १५ लाख रुपयांची देणगी देऊ केली आणि विद्यापीठाला त्यांच्या मातोश्री नाथीबाई दामोदर ठाकरसी यांचं नाव मिळालं. त्या काळात १५ लाख म्हणजे डोळे विस्फारावेत अशी रक्कम. कुलपती विद्वान, संस्थापक ऋषितुल्य, देणगीदार धनवान. एकच गोष्ट नव्हती. विद्यापीठामागे कायदा नव्हता.

त्यामुळे मुलीच्या नावापुढे ‘जी.ए.’ लागे, घरादाराला अभिमान वाटे, पण सरकारदरबारी त्या दोन अक्षरांना मान्यता नव्हती. शेजारच्या घरातल्या बी.ए. झालेल्या मुलीला जो हक्क आपोआप मिळे, तो तिला नव्हता. अभ्यास कमी पडला म्हणून नव्हे, विद्यापीठाच्या जन्माची नोंद कायद्याच्या पुस्तकात नव्हती म्हणून. कर्वे मात्र निधीसाठी फिरत राहिले. सत्तरी ओलांडल्यावर त्यांनी युरोप, अमेरिका, जपान आणि आफ्रिका पालथी घातली.

स्वातंत्र्यानंतर मुंबई विधिमंडळानं १९४९ मध्ये या विद्यापीठासाठी कायदा केला आणि १९५१ पासून ते कायदेशीर विद्यापीठ म्हणून उभं राहिलं. स्थापनेपासून तब्बल ३५ वर्षांनी! कर्व्यांनी तेव्हा नव्वदी पार केली होती. हा दिवस त्यांना पाहायला मिळाला. पण आधीच्या तीन दशकांत शिकून बाहेर पडलेल्या मुलींनी कायद्याच्या आधाराशिवायच वाट काढली.

असं धाडस करणारे कर्वे एकटे नव्हते. असहकाराच्या काळात अहमदाबादला गुजरात विद्यापीठ, पुण्याला टिळक महाराष्ट्र विद्यापीठ, काशीला काशी विद्यापीठ, अलीगढला (आणि पुढे दिल्लीत) जामिया मिलिया अशा राष्ट्रीय शिक्षणसंस्था निघाल्या. सरकारी मान्यता नको, हाच त्यांचा बाणा. लालबहादूर यांना काशी विद्यापीठाची ‘शास्त्री’ ही पदवी मिळाली. सरकारच्या लेखी त्या पदवीला किंमत नव्हती, पण ती त्यांच्या नावाला अशी चिकटली की पुढे देशाचा पंतप्रधान त्याच नावानं ओळखला गेला.

१९५६: उघडं दार बंद झालं

आता कुणाच्याही मनात येईल, की कर्व्यांनी कायद्याशिवाय पदवी दिली, मग आज एखाद्यानं दिली तर काय बिघडलं?

बिघडलं ते १९५६ च्या कायद्यामुळे. तोपर्यंत खासगी संस्थेनं पदवी दिली तर सरकार ती मानत नसे इतकंच, पण देण्याला बंदी नव्हती. १९५६ मध्ये संसदेनं विद्यापीठ अनुदान आयोगाचा कायदा केला आणि त्याच्या कलम २२ नं हे दार बंद केलं. या कलमानुसार पदवी देण्याचा अधिकार फक्त तिघांना. एक, केंद्राच्या किंवा राज्याच्या कायद्यानं स्थापन झालेलं विद्यापीठ. दोन, त्याच कायद्याच्या कलम ३ खाली केंद्र सरकारनं ज्या संस्थेला विद्यापीठाचा दर्जा दिला आहे ती, म्हणजे अभिमत विद्यापीठ. आणि तीन, संसदेनं कायदा करून जिला पदवी देण्याचा खास अधिकार दिला आहे अशी संस्था. चौथा कुणी नाही. कलम २३ नं तर नावात ‘विद्यापीठ’ हा शब्द वापरण्यावरही बंधन आणलं.

राष्ट्रीय बाण्याच्या संस्थांनाही मग यातला एकेक मार्ग धरावा लागला. जामिया मिलियाला १९६२ मध्ये आणि गुजरात विद्यापीठ या गांधीजींच्या संस्थेला १९६३ मध्ये अभिमत दर्जा मिळाला. टिळक महाराष्ट्र विद्यापीठाला तो १९८७ मध्ये मिळाला. जामिया १९८८ मध्ये संसदेच्या कायद्यानं केंद्रीय विद्यापीठ झालं.

पदवीचा हा अधिकार किती कळीचा असतो, याचं एक उदाहरण अलीगढचं. तिथलं मुस्लिम विद्यापीठ १९२० च्या कायद्यानं झालं. ते स्थापन कुणी केलं, समाजानं की कायद्यानं, हा वाद १९६७ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेला. पदव्यांना सरकारी मान्यता कायद्यामुळेच मिळाली, तेव्हा विद्यापीठ कायद्यानं स्थापन केलं, असा निकाल लागला. नोव्हेंबर २०२४ मध्ये सात न्यायमूर्तींच्या पीठानं चार विरुद्ध तीन मतांनी तो निकाल बाजूला सारला. कायद्यानं विद्यापीठाला रूप दिलं म्हणून ते उभारणाऱ्यांचं श्रेय पुसलं जात नाही, असा त्याचा मथितार्थ. अलीगढचा प्रत्यक्ष फैसला मात्र दुसऱ्या पीठाकडे सोपवण्यात आला. पदवीचा अधिकार कायद्यातूनच येतो, याविषयी मात्र कुठेच दुमत नव्हतं.

विद्यापीठाचा जन्म होतो कसा?

सार्वजनिक विद्यापीठ जन्माला येतं ते विधिमंडळात. राज्यघटनेतल्या राज्यसूचीत विद्यापीठं स्थापन करण्याचा विषय राज्यांकडे दिलेला आहे. उच्च शिक्षणाचा दर्जा ठरवण्याचा आणि त्यात सुसूत्रता राखण्याचा विषय केंद्राकडे. सरकार विधेयक मांडतं, सभागृहात चर्चा होऊन ते मंजूर होतं, राज्यपालांची संमती मिळते, राजपत्रात छापलं जातं आणि ठरलेल्या तारखेपासून कायदा अमलात येतो. त्या तारखेला कायद्याच्या दृष्टीनं एक नवी ‘व्यक्ती’ जन्मते. तिला स्वतःची मोहोर असते, ती मालमत्ता घेऊ शकते, कोर्टात दावा लावू शकते आणि तिच्यावरही दावा लावता येतो. कुलगुरू बदलतात, सरकारं बदलतात, ती मात्र राहते.

याच कायद्यात एक यादी असते. परीक्षा घेणं, पदवी देणं, मानद पदवी देणं, कॉलेजांना संलग्न करून घेणं, गैरप्रकार आढळल्यास दिलेली पदवी काढून घेणं. बाकीचा तपशील विद्यापीठाची मंडळं ठरवतात. कुठला अभ्यासक्रम चालवायचा हे विद्या परिषद पाहते, कारभार आणि पैसा व्यवस्थापन परिषद पाहते, अधिसभेत शिक्षक, पदवीधर आणि इतर प्रतिनिधी बसतात. कुलगुरूंची सही म्हणजे या सगळ्या उतरंडीच्या टोकावरची सही.

पुणे विद्यापीठासाठी १९४८ मध्ये कायदा झाला आणि १९४९ मध्ये विद्यापीठ सुरू झालं. गोव्यातली कॉलेजं एकेकाळी मुंबई विद्यापीठाला जोडलेली होती. गोव्याच्या विधानसभेनं १९८४ मध्ये कायदा केला, १९८५ मध्ये गोवा विद्यापीठ सुरू झालं आणि पणजी-मडगावच्या मुलांची पदवी घरच्या विद्यापीठाची झाली. महाराष्ट्रात पूर्वी प्रत्येक विद्यापीठाचा कायदा निराळा असे. १९९४ मध्ये बहुतेकांसाठी एकच कायदा आला. त्याची जागा महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ यानं घेतली. तो १ मार्च २०१७ पासून लागू आहे. गुजरातनंही २०२३ मध्ये असाच एक सामाईक कायदा केला आणि बडोद्याचं सयाजीराव विद्यापीठ त्याच्या छत्राखाली आलं.

इथे दोन गैरसमज दूर व्हायला हवेत. पहिला म्हणजे पदवी कॉलेज देतं, हा. कॉलेज कितीही नामांकित असो, अगदी स्वायत्त असो, पदवी देतं ते त्याचं विद्यापीठ. दुसरा म्हणजे यूजीसी विद्यापीठ काढते, हा. यूजीसी विद्यापीठाला जन्म देत नाही. कायद्यानं जन्मलेल्या विद्यापीठाची ती नोंद घेते, दर्जावर लक्ष ठेवते आणि कलम १२-ब खाली पात्र ठरलेल्यांना केंद्राचं अनुदान मिळण्याची वाट मोकळी करते.

आयआयएमची पदविका

नामांकित संस्था आणि पदवीचा अधिकार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे समजायला आयआयएमसारखं उदाहरण नाही. अहमदाबादचं आयआयएम १९६१ मध्ये निघालं. तिथे प्रवेश मिळावा म्हणून देशभरातली हुशार मुलं जिवाचं रान करतात. पण ही संस्था नोंदणीकृत सोसायटी होती, विद्यापीठ नव्हती. म्हणून अर्धशतकाहून अधिक काळ तिनं विद्यार्थ्यांना पदवी दिलीच नाही, दिली ती पदव्युत्तर पदविका. डॉक्टरेटच्या तोडीचं संशोधन करणाऱ्यालाही ‘फेलो’ म्हणूनच समाधान मानावं लागे. संसदेनं २०१७ मध्ये आयआयएम कायदा केला, तो ३१ जानेवारी २०१८ पासून लागू झाला, आणि मग या संस्थांना एमबीए आणि पीएच.डी. देता येऊ लागली. आयआयटींना हा अधिकार १९६१ च्या कायद्यानंच मिळालेला होता. फरक शिक्षणात नव्हता, कायद्यात होता.

आयआयएमच्या नावाचा दबदबा एवढा, की पदविकेनं कुणाचं अडलं नाही. सामान्य घरातल्या मुलाची गोष्ट तशी नसते. त्याच्या हातात तो कागदच असतो.

एकाच राज्यात ११२!

या अधिकाराची कशी खिरापत वाटली जाऊ शकते, ते नव्यानं जन्मलेल्या छत्तीसगडमध्ये दिसलं. २००२ मध्ये या राज्यानं खासगी विद्यापीठांसाठी कायदा केला. त्यात प्रत्येक विद्यापीठासाठी विधानसभेत वेगळा कायदा करण्याची गरजच ठेवली नव्हती. सरकारनं राजपत्रात अधिसूचना काढली की विद्यापीठ तयार! बघता बघता अशा विद्यापीठांची संख्या ११२ वर गेली. कित्येकांकडे ना इमारत, ना ग्रंथालय, ना शिक्षक. पाटी मात्र विद्यापीठाची.

दूरदर्शनवरच्या ‘टर्निंग पॉइंट’ या विज्ञान कार्यक्रमामुळे घरोघरी माहीत झालेले शास्त्रज्ञ आणि यूजीसीचे माजी अध्यक्ष प्रा. यशपाल याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले. ११ फेब्रुवारी २००५ रोजी निकाल लागला. अधिसूचनेनं विद्यापीठ काढण्याची मुभा देणारी कलमं घटनाबाह्य ठरली आणि त्याखाली निघालेली विद्यापीठं एका दिवसात विद्यापीठं राहिली नाहीत. राज्याचा कायदा राज्याच्या हद्दीपुरता, असंही न्यायालयानं बजावलं. कारण यातल्या काहींनी दूरदूरच्या शहरांत केंद्रं थाटली होती.

तिथे शिकणाऱ्या मुलांचं काय? न्यायालयानं त्यांना वाऱ्यावर सोडलं नाही. त्या संस्थांना राज्यातल्या सरकारी विद्यापीठांशी जोडून घेण्याची पावलं उचला, असं राज्य सरकारला सांगितलं. पण फी भरून, वर्ष दोन वर्षं घालवून बसलेल्या मुलांच्या घरी त्या दिवशी काय झालं असेल, ते सांगायला नकोच.

२०१७ चा निकाल तर याहून वेगळा. ओडिशातल्या एका महामंडळात बढतीवरून वाद झाला. एकाची इंजिनिअरिंगची पदवी दूरशिक्षणातून घेतलेली होती, देणारी संस्था अभिमत विद्यापीठ होती. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. अभिमत दर्जा खरा होता, पण दूरशिक्षणानं इंजिनिअरिंग शिकवण्याची रीतसर परवानगी नव्हती. अशा चार अभिमत विद्यापीठांच्या बाबतीत न्यायालयानं ३ नोव्हेंबर २०१७ रोजी फैसला दिला. २००१ ते २००५ या काळात प्रवेश घेतलेल्यांच्या पदव्या स्थगित झाल्या, त्यांना परीक्षा देऊन पात्रता सिद्ध करण्याची संधी मिळाली. त्यानंतर प्रवेश घेतलेल्यांच्या पदव्या मात्र रद्दच झाल्या. नोकरीला लागलेली, त्या पदवीच्या जोरावर पगारवाढ मिळालेली, संसारात रमलेली माणसं होती ती. अधिकार आहे म्हणजे तो कसाही वापरता येतो असं नाही, हे या निकालानं दाखवलं, पण किंमत मोजली विद्यार्थ्यांनी.

आणि ज्यांच्याकडे कसलाच अधिकार नाही अशा बोगस विद्यापीठांचं काय? यूजीसी त्यांची यादी वेळोवेळी जाहीर करते. पण १९५६ च्या कायद्यात अशांसाठी शिक्षा लिहिली आहे ती फक्त एक हजार रुपयांपर्यंत दंडाची! फसवणुकीचा फौजदारी गुन्हा वेगळा दाखल करता येतो, परंतु त्यासाठी आधी फसगत व्हावी लागते. म्हणून सावध राहण्याचं काम शेवटी घरातल्यांवरच येऊन पडतं.

प्रवेशाआधी एवढं पाहा

● पदवी कोणतं विद्यापीठ देणार, ते माहितीपत्रकात स्पष्ट लिहिलेलं हवं. ‘मान्यताप्राप्त संस्था’ एवढ्यावर समाधान मानू नये.

● ते विद्यापीठ कोणत्या कायद्यानं स्थापन झालं, कायद्याचं नाव आणि वर्ष विचारावं. खऱ्या विद्यापीठाला हे सांगायला एक मिनिटही लागत नाही.

● केंद्रीय, राज्य, खासगी आणि अभिमत अशा चारही प्रकारच्या विद्यापीठांच्या याद्या यूजीसी जाहीर करते. नाव त्यात अक्षरशः तेच आहे का, ते पाहावं. एखादा शब्द पुढेमागे केलेली फसवी नावं असतात.

● परराज्यातल्या विद्यापीठाचं केंद्र आपल्या गावात असेल, तर त्याला तसा अधिकार आहे का, हे आवर्जून तपासावं.

● वैद्यक, कायदा, औषधनिर्माण अशा अभ्यासक्रमांना विद्यापीठाच्या अधिकाराबरोबर त्या त्या व्यवसायाच्या नियामक परिषदेची मान्यताही लागते. दाराला दोन कुलपं असतात, दोन्ही उघडायला हवीत.

● दूरशिक्षणाच्या किंवा ऑनलाइन पदवीसाठी विद्यापीठाची मान्यता पुरेशी नाही. त्या अभ्यासक्रमाला, त्या वर्षासाठी यूजीसीची परवानगी आहे का, तेही पाहावं.

● ‘नॅक’ची श्रेणी दर्जा सांगते. पदवी देण्याचा अधिकार तिच्यातून येत नाही.

● पदविका किंवा प्रमाणपत्र वाईट नसतं. पण ते पदवी म्हणून विकलं जात असेल, तर तिथून उठून यावं.

कर्व्यांच्या ‘जी.ए.’ मुलींना आपल्या पदवीमागे कायदा नाही हे माहीत होतं. त्यांच्यापासून कुणी काही लपवलं नव्हतं. जाणूनबुजून, एका मोठ्या कामावर विश्वास ठेवून त्यांनी ती वाट धरली. आजच्या मुलांची फसगत होते ती अंधारात. पदवीदान समारंभाचा झगा भाड्यानं मिळतो, फोटो दहा मिनिटांत निघतो. त्या फोटोशेजारची फ्रेम भिंतीवर कायम राहावी असं वाटत असेल, तर पहिल्या फीचा चेक फाडण्याआधी एवढा एक प्रश्न विचारायलाच हवा.